सुविचाराची पट्टी

सुमंत सरांचं एक ठाम मत होतं. प्रोग्रॅम कधी बिघडत नसतो, तो वापरणारा माणूसच मुळात बिघडलेला असतो. बावीस वर्षं त्यांनी हे मत जपलं होतं आणि त्रिमूर्तीनगरातल्या मिठाईच्या दुकानावरच्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये बसून ते रोज दोन-चार जणांना ऐकवत असत. ग्राहकाचा फोन आला की सर विचारत, "काय केलं त्यानं?" काय झालं, असं त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारलं नसेल.

मेघा रामटेकेला हे सगळं तोंडपाठ होतं. चार वर्षं ती सपोर्टला होती, म्हणजे ग्राहकांच्या शिव्या आधी तिच्या कानात पडत आणि मग गाळून सरांच्या कानात जात. तिला कोड वाचता येत होता, लिहिता येत होता, आणि गौरांगने लिहिलेला कोड वाचून मळमळतही होतं. गौरांग हा सरांचा सख्खा भाचा. डेव्हलपमेंटच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची त्याला रुजू झाला त्याच दिवशी मिळाली होती. त्या खोलीत बसायला मिळावं म्हणून मेघा चार वर्षं अर्ज करत होती. शेवटी दिवाळीनंतर मालक दत्तोपंतांनी तिला बोलावून सांगितलं, "नवीन वर्षापर्यंत तुझ्या नावावर एकही ठपका नको. मग एक तारखेपासून तू आत." एक तारीख आता आठ दिवसांवर आली होती.

दत्तोपंत सत्तरीचे, सज्जन, आणि सज्जन माणसं जेवढा ताप देतात तेवढा देणारे. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिल्याशिवाय ऑफिसात कुणी कॉम्प्युटर चालू करायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. पाळीपाळीने सगळे लिहीत. 'हसत केलेले काम लवकर होते', 'पाणी प्या, शांत राहा', असला मजकूर. यंदा त्यांच्या मनात आलं की या गोष्टीचा लाभ ग्राहकांनाही व्हावा. ऑफिसचा सगळ्यांत खपणारा प्रोग्रॅम होता ट्रान्सपोर्टवाल्यांचा. त्यावर बिल्टी बनायची, म्हणजे माल कुणाचा, कुठून कुठे, नग किती, याचा कागद. तो छापील कागद हातात पडल्याशिवाय, शहराबाहेर जिथे सगळी ट्रान्सपोर्टं आहेत त्या वाडीतला कुठलाही ड्रायव्हर गाडीची किल्ली फिरवत नाही. तर त्या बिल्टीच्या पडद्यावर, अगदी वर, सुविचाराची एक पट्टी टाकायची असं ठरलं. गौरांगने ती चार दिवस बसून बनवली. सुमंत सरांनी तिचं भर मीटिंगमध्ये कौतुक केलं. एखाद्याने मंगळावर यान उतरवल्याचं कौतुक करावं, तसं.

शनिवारी मेघाने स्वतः वाडीला जाऊन कौशल्याबाईंच्या ट्रान्सपोर्टमध्ये ही नवी आवृत्ती बसवली. सोमवारी अकराला तिथल्या मुनिमांचा, देवरावांचा फोन आला.

"मॅडम, मेनूतलं प्रिंट दबूनच नाही राहिलं. करडं पडलं जी. त्याच्याखालचं प्रिव्ह्यू बी तसंच."

त्या वेळी मेघाच्या पाठीमागे गौरांगच्या वाढदिवसाचा केक कापला जात होता आणि टाळ्या वाजत होत्या. तिने फोन कान आणि खांदा यांच्यात धरला, समोरची सावनेरच्या ग्राहकाची मेल पुरी करत राहिली आणि मधूनमधून "हो काका, हो" म्हणत राहिली. देवराव दोन-तीन मिनिटं बोलले. म्हातारी माणसं बोलतात, त्यांना वेळ असतो. त्यांचं थांबलं तेव्हा ती म्हणाली, "काका, कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा." आणि केकचा तुकडा घ्यायला गेली.

मंगळवारी कौशल्याबाईंनी थेट सरांना फोन लावला. नवऱ्याच्या मागे पंधरा वर्षं एकटीने गाड्या चालवणारी बाई, तिला सर-बिर काही कळत नव्हतं. "तुमचं ते नवं काय हाय ते काढून न्या न जुनं बसवून द्या," असं तिने सुनावलं. सर बाहेर आले आणि प्रिंटरवर खापर फोडून मोकळे झाले.

"प्रिंटर नाही सर," मेघा म्हणाली. "शब्दच करडा आहे म्हणजे गोष्ट प्रिंटरपर्यंत गेलेलीच नाही. मेनू उघडला की आपला प्रोग्रॅम पडद्यावर जी खिडकी चालू असेल तिला विचारतो, तुला छापता येतं का? ती हो म्हणाली तर प्रिंट ठळक, नाही म्हणाली तर करडं. प्रिंटर नेऊन नाग नदीत बुडवला तरी त्या शब्दाचा रंग बदलायचा नाही."

"मला शिकवतेस?" सर म्हणाले. "गौरांग, दाखव हिला."

गौरांगने आपल्या मशीनवर बिल्टी भरली, सेव्ह केली, तिच्यावर क्लिक केलं, मेनू उघडला. प्रिंट ठळक. "इथे तर चालतंय," तो म्हणाला. या मुलाला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर हे एवढं एकच औषध माहीत होतं. मेघाने आपल्या मशीनवर करून पाहिलं, तिथेही चालत होतं. तिला कारण सापडेना, आणि ज्यांना कारण शोधायचंही नव्हतं ते छाती काढून फिरू लागले.

मग दिवसभर जे चाललं त्याला उपाय म्हणणं म्हणजे उपाय या शब्दाची विटंबना आहे. आधी प्रिंटरचा ड्रायव्हर नव्याने टाकायला लावला. मग केबल बदलली. मग गौरांग गाडीत घालून नवाकोरा प्रिंटर घेऊन वाडीला गेला, तो जोडून, मेनू न उघडताच, वाटेत तर्री पोहे खाऊन परत आला. मग अँटीव्हायरस काढला. सरांनी फोनवरून एकदा तर खोलीतलं तापमान विचारलं. एवढ्या अवधीत देवरावांनी कोणती कळ दाबली आणि मग पडद्यावर काय दिसलं, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मेघा हे सगळं पाहत होती आणि मनातल्या मनात त्या दोघांची सालं सोलत होती. त्यात तिला एक प्रकारचं सुखही मिळत होतं, हे खोटं कशाला सांगा.

बुधवारी सकाळी दत्तोपंतांच्या खोलीत मीटिंग झाली. सर शांतपणे म्हणाले, "शेवटी एकच शक्यता उरते. इन्स्टॉलेशन. ते मेघानं केलंय." गौरांगने मान हलवली. आठ दिवस उरले होते आणि या माणसाने किती सहज तिची खुर्ची काढून घेतली होती.

दत्तोपंतांचा तोंडी गोष्टींवर विश्वास नव्हता. प्रत्येक तक्रारीचा शेवट एका पानाच्या सर्व्हिस रिपोर्टने व्हायचा आणि त्यावर ग्राहकाची सही-शिक्का लागायचा. त्या पानावर जे असेल ते खरं, बाकी सगळी हवा. त्यांनी कोरा रिपोर्ट मेघाकडे सरकवला. "तिघंही वाडीला जा. बिघाड कशामुळे झाला, ग्राहकानं नेमकी अडचण पहिल्यांदा कधी सांगितली आणि कुणाला सांगितली, हे मला संध्याकाळपर्यंत यात पाहिजे. ज्याच्यामुळे तीन दिवस गेले, त्याचं मी बघतो."

अमरावती रोडवर ट्रकांची रांग नेहमीपेक्षा लांब होती आणि तिचं शेपूट कौशल्याबाईंच्या गोदामापाशी होतं. आत टेबलावर बिल्टीबुकांची चळत होती आणि तिच्यामागे देवराव कार्बन घालून हाताने बिल्ट्या लिहीत होते. वय बासष्ट. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. एका बिल्टीच्या चार प्रती, कार्बन उमटायला दाबून लिहावं लागतं. सोमवारपासून त्यांनी दोनशेच्या वर बिल्ट्या लिहिल्या होत्या. भोवती ड्रायव्हर उभे होते आणि त्यांना शिव्या देत होते, कारण शिव्या द्यायला समोर तेच होते.

कौशल्याबाई पंख्याखाली बसल्या होत्या. त्यांनी तिघांना बसा म्हटलं नाही.

"माउस कुठाय?" सरांनी खुर्चीत बसत विचारलं.

देवरावांनी खालचा ड्रॉवर उघडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला माउस काढला आणि जोडून दिला. सरांनी तो रुमालाने पुसला. बिल्टीबुकं कोपराने बाजूला सारली, एक खोटी बिल्टी भरली, सेव्ह केली, तिच्यावर क्लिक केलं, मेनू उघडला. प्रिंट ठळक. कागद बाहेर आला. सरांनी तो कौशल्याबाईंच्या समोर धरला आणि असे हसले की मेघाला तिथून उठून जावंसं वाटलं.

"बाई, काहीही झालेलं नाहीये. तुमच्या माणसाला थोडं ट्रेनिंग द्यायला लागेल."

कौशल्याबाईंनी देवरावांकडे पाहिलं. "काहून गा देवराव? तीन दिवस काय करून राहिला होता तू?"

सर उठले तेव्हा देवराव खुर्चीत बसले. चिंधीचं बोट वर धरून उरलेल्या नऊ बोटांनी त्यांनी बिल्टी भरली. पाहणाऱ्याला बोटं दिसू नयेत इतक्या वेगाने. सेव्हची कळ दाबली, लगेच आल्ट आणि एफ दाबून मेनू उघडला. प्रिंट करडं.

"हे पाहा," ते म्हणाले.

"तुम्ही काहीतरी केलंत," सर म्हणाले.

मेघाने मात्र पाहिलं होतं. देवरावांचा हात माउसकडे गेलाच नव्हता. कशाला जाईल? टेबलावर वीतभर जागा नव्हती. माउस नसलेल्या काळ्या पडद्याच्या जमान्यापासून या माणसाने सगळं कळांवर केलं होतं. "काका, परत एकदा करा," ती म्हणाली. "सेव्ह केल्यावर थांबा."

त्यांनी केलं. बिल्टी सेव्ह झाली, आणि त्याच क्षणी वरच्या पट्टीत नवा सुविचार आला, 'घाई करू नका, आनंदी राहा', आणि पट्टीच्या भोवती एक बारीक निळी रेघ उमटली. मेघाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक बिल्टीनंतर पट्टी नवा सुविचार आणत होती आणि आणताना पडद्याचा ताबा आपल्याकडे ओढून घेत होती. माउसवाला माणूस सहज बिल्टीवर क्लिक करतो, ताबा बिल्टीकडे परत येतो, त्याला कळतही नाही. देवराव थेट मेनू उघडत. मेनू पट्टीला विचारत होता, तुला छापता येतं का? पट्टी बिचारी काय छापणार.

"काका, टॅब दाबा. आता मेनू उघडा."

प्रिंट ठळक झालं. ड्रायव्हरांपैकी कुणीतरी "आयला" म्हणालं.

मेघाने सगळं समजावून सांगितलं, सावकाश, प्रत्येक वाक्याची चव घेत. गौरांगचे कान लाल झाले. "पण युजरनं क्लिक करायला पाहिजे ना," तो म्हणाला.

"अर्थात," सर म्हणाले. "आजच्या काळात माउस न वापरणारा युजर म्हणजे…"

"माउस काय माह्या डोक्शावर ठेवू काय जी?" कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या. "बारा वर्षं झाले, हा माणूस बोटानं छापून राहिला. एक दिवस गाडी थांबली नाही. तुम्ही त्याले शहाणपण शिकवाले वर पट्टी लावली न त्याचं बोट सोलून टाकलं. न आता म्हणता त्यालेच ट्रेनिंग द्या! तुमच्यातल्या कोणाले अक्कल हाय का नाही? ही पोरगी सोडून?"

सरांनी घसा खाकरला, खिशातला फोन काढला, तो वाजला नव्हता, आणि "एक महत्त्वाचा कॉल आहे" म्हणत गाडीकडे गेले. गौरांग त्यांच्या मागे गेला. मेघाने लॅपटॉप उघडला. पट्टीने ताबा घेऊ नये एवढं सांगणारी एक ओळ. एकच. ती लिहून, प्रोग्रॅम नव्याने बांधून बसवायला वीस मिनिटं लागली. देवरावांनी बिल्टी भरली, आल्ट, एफ, पी, आणि प्रिंटर खडखडू लागला. बाहेर पहिली गाडी चालू झाली.

"शाब्बास वं पोरी," कौशल्याबाई म्हणाल्या आणि रांग मोकळी करायला बाहेर गेल्या.

मेघाच्या अंगात काय संचारलं होतं म्हणून सांगू! तिने रिपोर्ट काढला. बिघाडाचं कारण: सुविचाराची पट्टी. बनवणार: गौरांग. मंजुरी: सुमंत सर. इतकं सुंदर अक्षर तिने परीक्षेतही काढलं नव्हतं. दत्तोपंतांच्या टेबलावर हा कागद पडल्यावर सरांचा चेहरा कसा होईल, हे तिला आत्ताच दिसत होतं. मग ती पुढच्या रकान्यापाशी आली. ग्राहकाने नेमकी अडचण पहिल्यांदा कधी व कुणास सांगितली. सर आणि गौरांग यांना देवरावांशी बोलायचं सुचलंच नव्हतं, हे तिथे लिहायचं म्हणून तिने नुसतं विचारायचं तसं विचारलं.

"काका, तुम्ही माउस वापरत नाही, सेव्ह केल्यावर लगेच मेनू उघडता, हे आधी कुणाला बोलला होता का?"

"हो न," देवराव म्हणाले. "सोमवारीच सांगतलं. तुम्हालेच, मॅडम."

"मला?"

"म्या म्हटलं, बाई, मी माउसले हात लावत नाही, सेव्ह केलं का सिद्धा मेनूत जातो, न शनिवारपासून वरतं ते काय लिहून येते त्याच्या भोवती निळी लाईन येते न प्रिंट करडं होते. दोनदा सांगतलं. तुमच्या इकडे टाळ्या वाजून राहिल्या होत्या."

मेघाने पेन खाली ठेवलं. तिला सगळं आठवलं. आवाज आठवला, खांद्यात धरलेला फोन आठवला, केकवरची क्रीमची गुलाबी फुलंसुद्धा आठवली. या माणसाने सोमवारी अकरा वाजता निदान करून तिच्या हातात दिलं होतं, निळ्या रेघेसकट. तिने त्याला कॉम्प्युटर बंद-चालू करायला सांगितलं होतं.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. सर गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. ते देवरावांशी धड बोलले नव्हते आणि पुढेही बोलणार नव्हते. गौरांग बोलणार नव्हता. दत्तोपंत फक्त कागद वाचणार होते. त्या रकान्यात सोमवार लिहिला तर तीन दिवस तिच्या नावावर जात होते, सर हात झटकून मोकळे, गौरांग खिडकीजवळ आणि ती पुन्हा चार वर्षं फोनपाशी. पट्टी त्यांनी लावली, खुर्ची मात्र तिची जाणार. हा कुठला न्याय? तिने स्वतःला हे दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ते तिला पटलं.

तिने लिहिलं: बुधवार. प्रत्यक्ष भेटीत मेघा रामटेके यांच्या लक्षात आली. तत्पूर्वी ग्राहकाकडून तपशील मिळालेला नव्हता.

"काका, इथे सही आणि शिक्का," ती म्हणाली, आणि कागद देवरावांपुढे ठेवला. ते सही करतील आणि पुढच्या बिल्टीला लागतील, असं तिला वाटलं होतं. पण देवराव आयुष्यभर बिल्ट्या करत आले होते. न वाचता सही करणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. चिंधीचं बोट ओळीओळीने खाली आलं आणि त्या रकान्यावर थांबलं.

मेघाकडे उत्तरं तयार होती. सरांनी काय केलं, गौरांग कसा आहे, एक तारखेला काय आहे, सगळं सांगितलं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेवढंच विचारलं, "सोमवार लिहिला त तुमचं नुकसान होते काय?"

"हो," ती म्हणाली.

देवरावांनी मान हलवली. पेन धरताना बोट दुखलं असावं, कारण सही करायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी शिक्का शाईच्या डबीवर दोनदा दाबला आणि सहीशेजारी नीट, सरळ उमटवला. कागद वाळू दिला आणि तिच्या हातात दिला.

"मले वाटे, तुमचे ते साहेबच तेवढे तसे हायेत," ते म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी माउस पिशवीत गुंडाळला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुढच्या ड्रायव्हरला गाडीचा नंबर विचारला.